ऑक्टोपसची माय मरते कायले?

मोबाइलवर दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ फिरून येतो. समुद्रतळाच्या कपारीत बसलेली ऑक्टोपसची मादी, छताला लोंबणारे अंड्यांचे घोस, तिचं रंग उडालेलं अंग आणि खाली आईच्या त्यागाबद्दल एखादी ओळ. नागपूरच्या कुठल्याही शाळेत तो फळ्यावर लावून दाखवा, मागच्या बाकावरून प्रश्न येणारच : ‘‘सर, पण ते मरते कायले?’’ उत्तरही ठरलेलं असतं. ‘‘पिल्लांसाठी.’’ तिथं तास संपतो.

माझा आक्षेप या ‘साठी’वर आहे. जिराफाची मान उंच पानं खाण्यासाठी लांब झाली, निवडुंगाला काटे पाणी वाचवण्यासाठी आले, ऑक्टोपसची आई पिल्लांसाठी मरते. वाक्यं सोपी आहेत, पाठ होतात, पेपरात गुणही मिळवून देतात. पण त्या ‘साठी’त कुणीतरी योजना आखणारा बसलेला असतो : कधी प्राणी स्वतः, कधी ‘निसर्ग’. डार्विनने १८५९ मध्ये जे काढून टाकलं ते नेमकं हेच. आपण ते रोज मराठीतून परत आत आणतो.

मुलाचा प्रश्न मात्र अचूक आहे. त्याच्या ‘कायले’मध्ये दोन प्रश्न आहेत. ती कशानं मरते, म्हणजे शरीरात काय घडतं? आणि अशी एकदाच विऊन मरणारी जात लाखो वर्षं टिकली कशी? पहिल्याचं उत्तर ग्रंथीत आहे, दुसऱ्याचं समुद्रात. दोन्ही उत्तरं वेगवेगळी द्यावी लागतात. ती वेगळी करायला शिकणं म्हणजेच उत्क्रांती शिकणं.

आधी कपारीत काय होतं ते जवळून पाहू. ‘साधा ऑक्टोपस’ या जातीची मादी एका वेळी लाखभर ते पाच लाख अंडी घालते. एकेक अंडं दोन-अडीच मिलिमीटरचं, लांबट, एका टोकाला बारीक देठ असलेलं. हे देठ एकमेकांत गुंफून ती माळा करते आणि माळा छताला चिकटवते. मग त्यांच्याखाली बसते. नळीसारख्या सायफनमधून पाण्याचे फवारे मारते, भुजांच्या टोकांच्या बारीक चूषकांनी अंडी पुसत राहते, जवळ येणाऱ्या माशाला हुसकावते. पाणी खेळतं राहिलं नाही तर माळेच्या आतल्या अंड्यांना प्राणवायू पुरत नाही. पुसणं थांबलं तर अंड्यांवर गाळ, शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो आणि घोसच्या घोस सडतात. या सगळ्या काळात ती जवळपास काही खात नाही. अंडी फुटतात त्या सुमारास तीही संपते.

उपाशी राहून मरते, असं वाटणं साहजिक आहे. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या अमेरिकन संशोधकाने याची परीक्षा घेतली. डोळ्यांच्या मागे, दृष्टिखंडाला जोडणाऱ्या देठावर दोन बारीक ग्रंथी असतात. त्यांना ऑप्टिक ग्रंथी म्हणतात. अंडी राखत बसलेल्या माद्यांच्या या ग्रंथी त्याने काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा शिकार सुरू केली, त्यांचं वजन वाढलं आणि त्या बऱ्याच जास्त दिवस जगल्या. म्हणजे उपास हे मरणाचं मूळ कारण नव्हे. राखण, उपास आणि झिजणं ही तिन्ही एकाच ग्रंथीच्या हुकमाने चालतात. पुढे २०२२ मध्ये असं दिसलं, की वीण झाल्यावर या ग्रंथीतली कोलेस्टेरॉलशी संबंधित रसायनं तयार करण्याची पद्धतच बदलते.

आणि व्हिडिओत कधीच नसलेली गोष्ट अशी, की बापही मरतो. नराने एकही अंडं राखलेलं नसतं, तरी समागमाचा काळ सरला की तोही खाणं सोडतो, त्याच्या कातडीवर जखमा होतात, त्या भरत नाहीत, आणि तो जातो. त्याला त्याग म्हणायचं तर कशाचा? ‘पिल्लांसाठी’ हे उत्तर इथंच कोसळतं. नरमादी दोघांचंही शरीर वीण संपल्यावर दुरुस्ती थांबवतं, असं म्हटलं की दोन्ही मरणं एकाच वाक्यात बसतात.

आता दुसरा प्रश्न. असं शरीर टिकलं कसं?

फळ्यावर करता येईल असं गणित घ्या. आकडे मानलेले आहेत. एक मादी सगळी ताकद एकाच विणीत ओतते, १०० पिल्लं देते आणि मरते. दुसरी स्वतःसाठी थोडी ताकद राखते, ६० पिल्लं देते आणि पुढच्या हंगामापर्यंत जगायचा प्रयत्न करते. तिची पुढच्या हंगामापर्यंत जगण्याची शक्यता २० टक्के असेल, तर तिची सरासरी ६० अधिक १२ अधिक २.४ अशी वाढत ७५ वर थांबते. पहिलीच्या १०० पुढे ती हरली. शक्यता ५० टक्के असेल, तर बेरीज १२० होते आणि आता पहिली हरली. बरोबरी होते ती ४० टक्क्यांवर. म्हणजे एकदाच विणं चांगलं की अनेकदा, हे प्राण्याच्या मायेवर अजिबात ठरत नाही. मोठं झालेलं जनावर पुढच्या हंगामापर्यंत जिवंत राहण्याची शक्यता किती, यावर ते ठरतं. ही शक्यता ठरवतो परिसर.

ऑक्टोपसच्या पूर्वजांना कवच होतं. ते गेलं. कपारीत शिरता येऊ लागलं, अंग कुठल्याही भेगेतून काढता येऊ लागलं, पण त्याच वेळी समुद्रातल्या प्रत्येक तोंडाला हा हाड नसलेला मांसाचा गोळा मिळू लागला. ईल, सील, डॉल्फिन, मोठे मासे, सगळेच खातात. अशा जगण्यात ‘पुढचा हंगाम’ ही बहुतेकांच्या वाट्याला न येणारी चीज. तिच्यासाठी ताकद राखून ठेवणाऱ्या माद्यांची पिल्लं कमी उरली, आणि एकाच विणीत सगळं ओतणाऱ्यांची जास्त. त्याच कुळातला नॉटिलस बघा. त्याने बाहेरचं कवच सोडलं नाही. खोल उतारावरच्या पाण्यात तो सावकाश वाढतो, वयात यायला दहा वर्षांच्या पुढे लागतात, वीस वर्षांहून जास्त जगतो, वर्षाला मोजकी मोठी अंडी घालतो आणि पुढच्या वर्षी परत घालतो. तो ती राखत बसत नाही. कवच, आयुष्य आणि वीण या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक हलली की बाकीच्या हलतात.

हे सगळ्या ऑक्टोपसांना लागू आहे असं मात्र वर्गात सांगू नये. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा ऑक्टोपस चिएर्चिए हा छोटा पट्टेरी ऑक्टोपस मोजकी अंडी घालतो, पिल्लं निघेपर्यंत राखतो, मग पुन्हा खातो, पुन्हा समागम करतो आणि पुन्हा अंडी घालतो. त्याचा मोठा पट्टेरी भाऊबंद पनामा-निकाराग्वाच्या पाण्यात दिसतो. त्याची मादी कित्येक महिने अंडी घालत आणि खात राहते. अपवाद दडवू नयेत. मुलांना अपवाद आवडतात, आणि गणित खरं असेल तर अपवादांमुळे ते आणखी रंगतं : या दोघांच्या पाण्यात असं काय आहे, की ४० टक्क्यांची रेघ ओलांडली गेली असेल?

परिसराचा सर्वांत मोठा हात तापमानाचा. साध्या ऑक्टोपसची अंडी २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन-साडेतीन आठवड्यांत फुटतात. तीच जात १३ अंशांच्या पाण्यात तीन ते चार महिने राखण करते. आता खोल जा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या माँटेरे दरीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, पाणी वर्षभर ३ अंशांच्या आसपास असतं. तिथं ग्रॅनेलेडोनी जातीची एक मादी मे २००७ मध्ये खडकाला चिकटून अंडी राखताना दिसली. अंगावरच्या खुणांवरून ती ओळखू येत होती. ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी पाणबुडी यंत्र तिथं १८ वेळा पाठवलं. प्रत्येक वेळी ती त्याच जागी. कातडी फिकी होत गेली, डोळे गढुळले, अंग आकसलं. शेजारून जाणाऱ्या खेकड्याकडे तिने ढुंकून पाहिल्याचं एकदाही दिसलं नाही. सप्टेंबर २०११ पर्यंत ती होती. ऑक्टोबरमध्ये खडकावर फुटलेल्या अंड्यांची रिकामी टरफलं उरली होती. ५३ महिने! त्या टरफलांवरून अंडी होती दीडशेच्या थोडी वर. लाखो नाहीत, दीडशे. कारण जे पिल्लू साडेचार वर्षं अंड्यात वाढतं, ते बाहेर येतं तेव्हा स्वतः शिकार करण्याइतकं तयार असतं. गार पाण्यात वाढ मंद, म्हणून राखण लांब. लांब राखण परवडायची तर पिल्लू मोठं आणि कमी.

याच्याशी जुळणारी आणखी एक जागा आहे. त्याच किनाऱ्यापासून बाहेर, डेव्हिडसन नावाच्या समुद्री डोंगराच्या पायथ्याशी, ३,२०० मीटर खोलीवर २०१८ मध्ये हजारो ऑक्टोपस एकत्र अंडी राखताना सापडले. आसपासचं पाणी १.६ अंशांचं. पण या माद्या बसल्या होत्या त्या भेगांतून कोमट पाणी झिरपत होतं. काही घरट्यांत ते १० अंशांच्या जवळ पोहोचत होतं. २०२३ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार इथं अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. बाजूच्या गार पाण्यात त्यांना पाच ते आठ वर्षं लागली असती, कदाचित जास्तही.

इथं शिक्षकाने थांबावं. या उदाहरणात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत आणि त्यांची सरमिसळ सगळीकडे होते. कोमट पाण्यात अंडं लवकर वाढतं, हा पाण्याचा थेट परिणाम. त्याला उत्क्रांती म्हणत नाहीत. कोमट भेग शोधून बसण्याची ओढ असलेल्या माद्यांची अंडी कमी काळ धोक्यात राहिली, जास्त फुटली आणि ती ओढ पुढच्या पिढीत जास्त जणींत आली, ही उत्क्रांती. पहिली गोष्ट एका आयुष्यात घडते, दुसरीला पिढ्या लागतात. हा फरक ज्याला कळला त्याला जिराफाची मान पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

अंड्याच्या आकाराचंही असंच. कॅलिफोर्नियाच्या एकाच किनाऱ्यावर डोळ्यांखाली निळं वर्तुळ असलेले दोन ऑक्टोपस आहेत, दिसायला जुळे वाटावेत असे. एकाची मादी हजारोंनी बारीक अंडी घालते. पिल्लं पाण्यात तरंगत दूर वाहून जातात आणि बहुतेक मरतात, पण उरलेली नव्या खडकांवर पोहोचतात. दुसऱ्याची मादी काहीशेच मोठी अंडी घालते; पिल्लू जन्मतःच तळाला बसतं आणि आईच्या अंगणातच वाढतं. किनारा एक, पण एकाची वस्ती जास्त खडकाळ कड्यांवर, दुसऱ्याची खाड्या-चिखलाच्या उथळ पाण्यात. ‘समुद्र’ हा एक परिसर नसतो, हे या जोडीइतकं सोपं करून कुठलंच उदाहरण सांगत नाही.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असं उत्तर मिळालं. ते उत्तर अपुरं आहे. दहावीनंतर वाणिज्य, कला, अभियांत्रिकी किंवा आयटीआयला जाणारा मुलगा बारावीचं जीवशास्त्र कधी उघडतच नाही. नागपुरात सीबीएसईच्या शाळा गल्लोगल्ली आहेत; त्यांतल्या बहुसंख्य मुलांची उत्क्रांतीशी शाळेत धड भेटच होणार नाही. हाच मुलगा उद्या शेतकरी म्हणून एकच कीटकनाशक पाच हंगाम फवारेल आणि गुलाबी बोंडअळी मरत का नाही, हे त्याला कळणार नाही. प्रतिजैविकाचा कोर्स अर्धवट सोडताना आपण काय करतोय, हेही कळणार नाही. तो भाग परत आला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्या राज्य मंडळाने ते प्रकरण ठेवलं आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ते अगदी पहिलं आहे. याबद्दल मंडळाचं कौतुक करून पुढचं बोलतो : ते शिकवलं जातं ते तुटून. पहिल्या प्रकरणात उत्क्रांती, पुनरुत्पादन तिसऱ्यात, पर्यावरण त्याच्याही पुढे. उत्क्रांतीत जीवाश्म, अवशेषांगं, लॅमार्क, डार्विन आणि मानवाचा प्रवास. पुनरुत्पादनात फुलाची आकृती आणि माणसाची इंद्रियं. पण नैसर्गिक निवड प्रत्यक्ष मोजते ती पिल्लंच. कोण किती जगला हे तिला तेवढ्यापुरतंच कळतं, जेवढं त्याने पिल्लांत फरक पाडला. पुनरुत्पादन बाजूला काढलेली उत्क्रांती म्हणजे फक्त बदलांची यादी, आणि उत्क्रांती बाजूला काढलेलं पुनरुत्पादन म्हणजे फक्त अवयवांची यादी. मुलं दोन्ही याद्या पाठ करतात. ‘बळी तो कान पिळी’ म्हणजे डार्विन, असं समजून शाळेतून बाहेर पडतात. एकदा विऊन मरणारा ऑक्टोपस त्या समजुतीला सरळ खोटं ठरवतो, म्हणून तो वर्गात हवा.

यावर नागपुरात एक रास्त हरकत निघते. समुद्र इथून सातआठशे किलोमीटर दूर. ऑक्टोपस, माकूळ (स्क्विड), नॉटिलस यांच्यापैकी एकही जण कधी गोड्या पाण्यात आला नाही. त्यांचं रक्त समुद्राइतकंच खारट असतं आणि कमी क्षाराच्या पाण्यात त्यांचा जीव राहत नाही. मग मुलांनी फक्त पडद्यावरच पाहायचं का?

नाही. ऑक्टोपसचे चुलत भाऊबंद फुटाळ्यात, अंबाझरीत आणि गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आहेत : गोगलगायी. दोघंही मृदुकाय. आणि त्या इथं आजच्या नाहीत. नागपूरच्या टाकळी भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात गोड्या पाण्यातल्या फायसा गोगलगायीचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले होते. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात तलाव होते आणि तलावांत गोगलगायी होत्या.

विदर्भातल्या एकाच तलावाच्या काठावर वीण करण्याच्या तीन तऱ्हा मिळतात. लिम्निया ही पातळ, टोकदार कवचाची, झाकण नसलेली गोगलगाय, बोटाच्या पेराएवढी. ती पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक जेलीची लांबट पट्टी चिकटवते, तीत काही डझन अंडी असतात, आणि निघून जाते. बेलामिया जाड, गोलसर आणि झाकणवाली. ती अंडी बाहेर टाकतच नाही, आतल्या पिशवीत वाढवते आणि कवचासकट पिल्लू जन्माला घालते. बरणीत एक मोठी मादी चार-सहा दिवस ठेवली, की तळाशी मोहरीहून थोडी मोठी पिल्लं फिरताना दिसतात; चिरफाड करायची गरज नाही. तिसरी पायला, सर्वांत मोठी. उन्हाळ्यात तलाव आटला की झाकण बंद करून चिखलात महिनोन्‌महिने पडून राहते. पावसात बाहेर येते आणि पाण्याबाहेर, काठाच्या ओल्या मातीतल्या खळग्यात तुरीच्या दाण्याएवढी पांढरी अंडी घालते. पाण्यातले मासे आणि किडे तिथं पोहोचत नाहीत.

या तिघींतही पाण्यात मोकळी तरंगणारी अळी नाही. समुद्रातल्या त्यांच्या भाऊबंदांपैकी अनेकांना ती आहे. तलावात ती अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि बाहेर येते ती सरपटणारी छोटी गोगलगाय. पुरात ओसंडणाऱ्या आणि मेमध्ये भेगाळणाऱ्या तलावात तरंगत फिरणाऱ्या अळीला पुढे कुठं जायचं होतं?

लिम्नियाची जेली हातात घेतली की ऑक्टोपसचंही एक कोडं सुटतं. माकूळसारख्या प्राण्यांच्या अंड्यांना जेलीचं वेष्टण असतं. ते बनवणाऱ्या खास ग्रंथी त्यांच्यात असतात. ऑक्टोपसमध्ये त्या ग्रंथी नाहीत. त्याची अंडी उघडी. लिम्निया जेली ठेवून जाते, ऑक्टोपस स्वतःच तिथं राहतो. राखण हे काम एकच. कुठं ते ग्रंथीने केलं, कुठं जिवंत आईने.

तापमानाचा प्रयोग वर्गात करायचा तर डिसेंबर-जानेवारीत करावा. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत गोगलगायीच मरतात. पाच-सहा मोठ्या लिम्निया एका रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, सोबत तलावातलं एक पान. पाणी नळाचं असेल तर उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मग वापरा. ताज्या नळातलं क्लोरीन भ्रूण मारतं. खायला उकडलेल्या पालकाचा तुकडा, रोज संध्याकाळी उरलेला काढून टाकायचा. दोन-तीन दिवसांत जेलीची पट्टी मिळते. नव्या ब्लेडने दोन अंड्यांच्या मधून कापून तिचे तीन तुकडे करा. हे महत्त्वाचं : तिन्ही तुकडे एकाच आईचे, एकाच दिवसाचे असले पाहिजेत, नाहीतर आलेला फरक पाण्याचा की आईचा हे सांगता येत नाही. तीन काचेच्या पेल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी, प्रत्येकात एक तुकडा आणि मोठी गोगलगाय एकही नाही. एक पेला वर्गाच्या कोपऱ्यात. दुसरा पाणी भरलेल्या मातीच्या माठात तरंगेल असा. थंडीतल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी खोलीपेक्षा काही अंश खाली असतं. तिसरा टबात, मत्स्यटाकीच्या हीटरने २८ अंशांवर. थर्मामीटर दिवसातून तीनदा वाचायचा आणि सरासरी लिहायची.

दहापट भिंगातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रूण अंड्याच्या आत गोल गोल फिरताना दिसतो. पुढे कवचाची कड, डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि ठोका देणारं हृदय. कोमट पेल्यात पिल्लं साधारण आठवडा-दहा दिवसांत निघतात, माठातल्या पेल्यात त्याच्या दुपटीहून जास्त लागू शकतात. पहिलं पिल्लू निघाल्याचा दिवस नोंदवू नका, तो नशिबावर जातो. निम्मी अंडी रिकामी झाली तो दिवस धरा.

चुका नेहमी त्याच होतात. पेला खिडकीत ठेवला जातो आणि दुपारच्या उन्हात ‘गार’ पेला सर्वांत गरम होतो. शनिवार-रविवारी कुणी पाणी बदलत नाही आणि जेलीवर पांढरी बुरशी चढते. दर दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाचं. मेलेली, दुधाळ झालेली अंडी काढली नाहीत तर शेजारची जातात. आणि पाण्यात हात घालताना हातमोजे हवेतच : तलावातल्या काही गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या परजीवी अळ्या कातडीत शिरून खाज आणतात. प्रयोग संपला की गोगलगायी ज्या तलावातून आणल्या त्याच तलावात सोडाव्यात, दुसऱ्यात नाही. मत्स्यटाकीच्या दुकानातल्या परदेशी गोगलगायी वापरूच नयेत. त्या एकदा तलावात गेल्या की परत येत नाहीत.

आता वहीत तीन तापमानं आणि तीन दिवससंख्या आहेत. शेजारी साध्या ऑक्टोपसचे १३ आणि २५ अंशांचे आकडे, आणि माँटेरेच्या मादीचे ३ अंश व ५३ महिने लिहा. वक्र एकाच बाजूला वळतो हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. मग विचारा : पेल्यात दिसला तो बदल उत्क्रांती आहे का? अर्धा वर्ग ‘हो’ म्हणेल. खरा तास तिथून सुरू होतो. तीन पेल्यांत गोगलगाय एकच आणि पाणी वेगळं. तलावाकाठी पाणी एकच आणि गोगलगायी तीन. उत्क्रांती दुसऱ्या रांगेत आहे.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतील, आणि त्यांची अडचण खरी आहे. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामं, शाळाबाह्य नोंदी, आणि पालकांना हवे असलेले टक्के. म्हणून मी नवं प्रकरण मागत नाही. मंडळाकडे मागणं दोनच गोष्टींचं आहे. पहिली, उत्क्रांतीचं प्रकरण आणि पुनरुत्पादनाचं प्रकरण पाठोपाठ छापा. दुसरी, ‘लॅमार्कवाद म्हणजे काय?’ या प्रश्नाऐवजी एकदा तरी तक्ता द्या : चार प्राणी, अंड्यांची संख्या, अंड्याचा आकार, राखण किती दिवस, पाण्याचं तापमान, आणि विचारा, कुठल्या प्राण्याच्या मोठ्या झालेल्या मादीची पुढच्या वर्षी जगण्याची शक्यता सर्वांत कमी असावी, कारण द्या. उत्तरात ‘साठी’ हा शब्द न वापरता. पेपर बदलला की शिकवणं बदलतं; आपल्या शाळांत हा क्रम उलटा कधी चालला नाही.

दुसरी हरकत श्रद्धेची. आईच्या मरणाचं असं कोरडं गणित मांडलं तर मुलांचं मन कठोर होईल, असं काही पालक मनापासून मानतात. मला तसं वाटत नाही. ती मादी ५३ महिने त्या गार अंधारात अंडी पुसत होती. गणिताने त्यातला एकही दिवस कमी होत नाही. उलट तिला माणसाच्या आईचा पोशाख चढवला, की ती स्वतः कोण होती हे बघायचं राहून जातं. आणि माणसाच्या आईनेही मरावं तेव्हाच ती आई, असं काहीतरी त्या ओळीतून मुलींच्या कानावर पडतं. जीवशास्त्राच्या तासाला ते पडायला नको.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दहावीचं पहिलंच प्रकरण उत्क्रांतीचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पहिला जोराचा पाऊस पडून पायला चिखलातून वर येते. पंधरा दिवस थांबा, मग सकाळी तलावाच्या काठाला, पाण्याच्या रेषेच्या वर, ओल्या मातीच्या कडेकडेने बघत चाला. पांढऱ्या अंड्यांचा पुंजका दिसेल. उचलू नका. पाणी तिथून किती वितींवर आहे ते मोजा, जवळ मासे आहेत का, सावली आहे का, माती किती ओली आहे ते लिहा, आणि मग मुलांना विचारू द्या : पाण्यातली गोगलगाय, अंडी पाण्याबाहेर कायले?